ताडून पाहिलेली वेळ

सांगलीला मध्यान्ह झाल्यानंतर सुमारे सव्वादोन मिनिटांनी साताऱ्याला मध्यान्ह होते. सांगली ७४ अंश ३४ कला पूर्व रेखांशाच्या आसपास वसली आहे आणि सातारा ७४ अंशांच्या. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, त्या हिशेबाने हा फरक पडतो. ज्या काळी प्रत्येक गाव आपल्या माथ्यावरच्या सूर्याची आज्ञा मानीत होते, त्या काळी हे अंतर कोणाच्या ध्यानीमनी येण्याचे कारण नव्हते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याहून निघून कृष्णाकाठाने सांगलीस जाणाऱ्या घोडेस्वाराला सव्वादोन मिनिटांची मातब्बरी ती काय वाटणार! आज दोन्ही शहरांतील घड्याळे एकच वेळ दाखवितात, आणि ती वेळ त्यांपैकी एकाही शहराच्या सूर्याची नाही. साताऱ्यातील घड्याळात बाराचे टोले पडतात तेव्हा तेथील सूर्याला माथ्यावर येण्यास सरासरीने ३४ मिनिटांचा अवकाश असतो. ही दूरची वेळ आपण आपली म्हणून कशी पत्करली, ती ठरविण्याचा अधिकार कोणाकोणाच्या हाती गेला, आणि ती खरी असल्याची ग्वाही कोणी द्यावयाची, या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास कृष्णेच्या या खोऱ्यातच त्यांचा एक सलग इतिहास हाती लागतो.

त्या इतिहासाच्या आरंभी एक घंगाळ आहे. पाण्याने भरलेल्या त्या घंगाळात तांब्याची एक हलकी अर्धगोल वाटी तरंगत ठेवावयाची. तिच्या बुडाला सुईच्या अग्राएवढे छिद्र. त्यातून पाणी हळूहळू आत येऊन वाटी भरली व बुडाली की एक घटिका झाली. अशा साठ घटिकांचा अहोरात्र होतो, म्हणजे आजच्या मापाने एक घटिका २४ मिनिटांची. तिची साठ पळे, आणि पळाची साठ विपळे. सूर्यसिद्धान्तात वर्णिलेले हे पात्र कृष्णाकाठच्या लग्नमंडपांत शतकानुशतके पूजिले गेले. सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या क्षणी जोशीबुवांनी ते पाण्यावर सोडावयाचे, हळदकुंकू वाहावयाचे, आणि बुडालेली प्रत्येक वाटी मंडपातील सर्वांच्या देखत मोजावयाची, अशी ती रीत होती. या रीतीत श्रद्धेचा भाग होता तसाच व्यवहाराचाही होता, कारण मुहूर्त साधला की चुकला याविषयी वधूपक्षाचा व वरपक्षाचा पुढे वाद होऊ नये, यासाठी मोजणी उघड्यावर आणि साक्षीदारांसमक्ष व्हावी लागे. यंत्र म्हणून ही वाटी निर्दोष नव्हती. छिद्रात गाळाचा कण अडकला तर ती मंदावे. उन्हाळ्यातील तापलेल्या पाण्यात किंचित लवकर बुडे आणि पौषातील गार पाण्यात रेंगाळे. म्हणूनच जाणता जोशी केवळ वाटीवर विसंबत नसे. दिवसा शंकूची छाया आणि रात्री नक्षत्रांचे माथ्यावर येणे पाहून तो तिचा हिशेब ताडून घेई. साधन कोणतेही असो, त्याला दुसऱ्या साक्षीची जोड हवी, हा कालमापनाचा पहिला नियम त्या मंडपातच पाळला जात होता.

राज्यकारभारासही एवढी वेळ पुरेशी होती. मराठेशाहीच्या दफ्तरांतील पत्रांत 'प्रहर दिवस', 'चार घटका रात्र' असे उल्लेख पदोपदी येतात, आणि लढाईची, कूचाची, स्वारी दाखल झाल्याची वार्ता या मापांनी पुरेशा नेमकेपणाने हुजुरास कळे. ज्या 'तास' शब्दाने आज आपण साठ मिनिटे मोजतो, तो मुळात टोला देण्याच्या काशाच्या थाळीचे नाव होता. थाळी वाजली म्हणजे तास वाजला, आणि वाजणाऱ्या वस्तूचे नाव पुढे वाजविलेल्या अवधीस मिळाले. 'घड्याळ' हा शब्दही त्या घटीच्याच कुळातला आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावरच्या देवळात एक भली मोठी घणघणणारी घंटा टांगली आहे. तिच्यावर १७०७ हे साल व माता-पुत्राची ख्रिस्ती आकृती आहे, आणि वसईच्या विजयानंतर ती तेथील पोर्तुगीज चर्चमधून आणलेली आहे. समुद्रकाठी एका धर्माच्या प्रार्थनेची वेळ सांगणारी ती घंटा कृष्णाकाठी येऊन दुसऱ्या धर्माच्या आरतीची वेळ सांगू लागली, यात एक सत्य सामावलेले आहे, ते असे की, वेळ ऐकविणारे साधन ज्याच्या हाती, त्याची वेळ सभोवारच्या मुलखात चालते.

१८१८ नंतर ते साधन इंग्रजांच्या हाती गेले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. सांगली, मिरज, औंध, जत, फलटण ही संस्थाने आपापल्या दरबारांसह नांदत राहिली. परंतु कचेऱ्या, टपाल आणि तारायंत्र यांच्या मागोमाग मुंबईची वेळ या प्रांतात हळूहळू उतरू लागली. ती वेळ कुलाब्याच्या वेधशाळेत ठरे. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या त्या वेधशाळेचे एक मुख्य प्रयोजन बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविणे हे होते, कारण घड्याळ चुकले की समुद्रावर रेखांश चुके आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर जाई. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती, म्हणजे साताऱ्याच्या सूर्याच्या मागे केवळ पाच मिनिटे. एवढ्या फरकाने कोणाच्या दिनक्रमास बाध येण्यासारखे नव्हते.

बाध आला तो आगगाडीमुळे. पुण्याहून निघून नीरा ओलांडून कोरेगाव, कऱ्हाड या बाजूने मिरजेकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला आणि त्याच्या स्थानकांवर जी घड्याळे लागली ती मुंबईची वेळ दाखवीत नव्हती, साताऱ्याची तर नव्हतीच. ती मद्रासची वेळ दाखवीत होती. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, तिची वेळ ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे होती, आणि ती मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्यावर येत असल्यामुळे १८७० पासून हिंदुस्थानातील आगगाड्यांनी तिचा अंगीकार केला होता. परिणाम असा झाला की, स्थानकाचे घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा २५ मिनिटे आणि मामलेदार कचेरीच्या घड्याळापेक्षा सुमारे ३० मिनिटे पुढे चाले. एका तालुक्यात अशा रीतीने तीन वेळांचा अंमल होता: शेतात सूर्याची, कचेरीत मुंबईची आणि फलाटावर मद्रासची. उतारूने आपल्या अंगणातील सावली पाहून निघावे आणि स्थानकावर पोचल्यावर गाडी सुटून गेलेली पाहावी, अशी ही व्यवस्था होती. प्रत्यक्ष मुंबईत १८८१ मध्ये सरकारने मद्रास वेळ लागू करून पाहिली. परंतु लोकांनी ती मनापासून कधीच स्वीकारली नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला आपला हुकूम मागे घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला या रेखांशावर आधारलेली, ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास असलेली हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली. वंगभंगाच्या क्षोभाने तापलेल्या त्या दिवसांत मुंबईकरांना घड्याळे ३९ मिनिटे पुढे करण्याचा हुकूम राजकीय जुलमासारखा वाटला. गिरणीकामगारांनी दंगा केला, सभा भरल्या, अर्ज गेले, आणि मुंबई महापालिकेने तर १९५५ पर्यंत मुंबईची जुनी वेळ सोडली नाही. या हट्टाचे मर्म समजून घेतले पाहिजे. प्रमाणवेळ उपयुक्त होती याविषयी विचारी माणसांत फारसा मतभेद नव्हता. सलत होते ते हे की, जिच्यावर आपले उठणे, बसणे, जेवणे आणि कामास जाणे अवलंबून, ती वेळ ठरविताना ज्यांना ती पाळावयाची त्यांस कोणी विचारले नव्हते, आणि ती का खरी मानावयाची हेही कोणी पटवून दिले नव्हते.

त्याच सुमारास महाराष्ट्रात वेळेविषयी दुसरा एक वाद चालू होता, आणि तो लोकांनी आपल्या बुद्धीने, आपल्या भाषेत चालविला होता. आपली पंचांगे गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वरून तयार होत. हा ग्रंथ शके १४४२ चा. सुबोध आणि सुटसुटीत. परंतु कोणत्याही गणिताच्या मुळाशी असलेला सूक्ष्म दोष वर्षानुवर्षे साचत जातो, त्या न्यायाने चार शतकांत पंचांगातील ग्रहणाचा, तिथ्यंताचा आणि ग्रहस्थितीचा प्रत्यक्ष आकाशाशी मेळ बसेनासा झाला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त या सर्व परंपरेचा इतिहास अपूर्व परिश्रमाने मांडला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवे ग्रहगणित सिद्ध केले. या विद्वानांचा आग्रह एका शब्दात सांगावयाचा तर तो 'दृक्प्रत्यय' हा होता: गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना आकाशात दिसले पाहिजे, आणि न दिसल्यास गणित बदलले पाहिजे. लोकमान्य टिळकांनी हा प्रश्न आपला मानला. त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या काळात पंचांगशुद्धीसाठी सांगलीस ज्योतिषसंमेलन भरले; वर्षमान कोणते घ्यावे, राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील कोणत्या तारकेपासून मोजावा, अयनांश किती धरावेत, यांचा तेथे ऊहापोह झाला, आणि टिळक पंचांगाची परंपरा त्या विचारातून दृढ झाली. सर्वांचे एकमत झाले असे नाही. रेवतीपक्ष व चित्रापक्ष यांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर राहिले, आणि त्यापायी काही वर्षी अधिकमास व सण यांत भेद पडतो, तो आजही पडतो. परंतु वेळ खरी की खोटी याचा निकाल परंपरेच्या वयावरून किंवा सत्तेच्या शिक्क्यावरून न लावता प्रत्यक्ष वेधाने लावावा, ही निष्ठा त्या संमेलनाने सांगलीच्या भूमीत रुजविली, आणि माझ्या मते कालमापनाच्या इतिहासात या प्रदेशाचे सर्वांत मोठे देणे तेच आहे.

सत्तेच्या शिक्क्याने वेळ कशी वाकते, हे पुढे दुसऱ्या महायुद्धात दिसले. दिवसाचा उजेड वाचविण्याकरिता सरकारने १ सप्टेंबर १९४२ पासून देशभरची घड्याळे एक तास पुढे केली, आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती तशीच राहिली. साताऱ्यात घड्याळात बारा वाजत तेव्हा सूर्याच्या हिशेबाने तेथे साडेदहाही झालेले नसत. याच काळात त्या वेळच्या अखंड सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. गावोगाव न्यायनिवाडे होऊ लागले, सावकारशाहीस व गुंडगिरीस पायबंद बसला, आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तूफान सेनेच्या सैनिकांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविली. आगगाडी सरकारने पुढे ढकललेल्या घड्याळावर धावत होती आणि तिच्या दुतर्फा असलेला शेतकरी कोंबडा आरवण्यावर आणि शुक्राची चांदणी उगवण्यावर उठत होता. एकाच मुलखात दोन सरकारे नांदावीत आणि दोन वेळाही नांदाव्यात, असा तो काळ होता.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग अमलात आले, आणि त्याचे गणित ८२ अंश ३० कला या रेखांशासच मध्यवर्ती धरून होऊ लागले. म्हणजे १९०६ साली परकीय हुकमाने आलेली वेळ स्वतंत्र देशाच्या तिथिगणितानेही विचारपूर्वक स्वीकारली. सांगलीला १९६३ मध्ये आकाशवाणीचे केंद्र आले आणि बातम्यांपूर्वीच्या टिकटिक संकेतांवर घराघरांतील घड्याळे लावली जाऊ लागली.

मग १९६७ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिस येथे भरलेल्या वजनमापांच्या तेराव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सेकंदाची व्याख्या बदलली. त्यापूर्वी सेकंद हा पृथ्वीच्या गतीचा अंश मानला जाई. परंतु भरतीओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावत असते, ऋतुमानाप्रमाणे किंचित कमीअधिकही होते, आणि जे स्वतः बदलते त्यास मापाचा आदर्श कसे मानावे, हा प्रश्न उरला होता. परिषदेने तो आदर्श सिझियम या धातूच्या अणूत पाहिला. या अणूच्या मूळ अवस्थेला अगदी लगतचे दोन ऊर्जास्तर असतात. एका विशिष्ट कंपनसंख्येच्या सूक्ष्मतरंगांनीच तो एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जातो, आणि ती कंपनसंख्या दिल्लीत, पॅरिसमध्ये किंवा चंद्रावर तीच असते. घड्याळातील स्फटिकाचा कंपक सूक्ष्मतरंग निर्माण करतो. ते सिझियमच्या अणूंवर सोडले जातात. जास्तीत जास्त अणू स्तर बदलतील तेथे कंपकास अडकवून धरले जाते. तो जरा ढळला की स्तर बदलणाऱ्या अणूंची संख्या घटते आणि यंत्रणा त्यास पुन्हा जागेवर आणते. अशा ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा एक सेकंद. आपल्या जुन्या मापात बोलावयाचे तर एका विपळात ३,६७,७०,५२,७०८ कंपने होतात. या तत्त्वावरचे पहिले भरवशाचे घड्याळ इंग्लंडमध्ये लुई एसेन यांनी १९५५ मध्ये चालविले होते. आजची उत्कृष्ट सिझियम घड्याळे लक्षावधी वर्षांत एखाद्या सेकंदानेही चुकू नयेत अशी आहेत.

या व्याख्येला दोन महिने होतात न होतात तोच, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली, आणि धरणाच्या भिंतीत बसविलेल्या त्वरणमापकाने नोंदविलेला त्या धक्क्याचा आलेख पुढे जगभरच्या धरणशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. वेळेच्या सूक्ष्मतेची गरज सामान्य माणसाला काय, असे विचारणाऱ्याने कोयनेकडे पाहावे. भूकंपाचे केंद्र शोधावयाचे ते निरनिराळ्या ठिकाणी लहरी केव्हा पोचल्या यावरून. पहिली लहर खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावते. म्हणून एका केंद्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकले की त्या केंद्रापुरता अंदाज सहा किलोमीटरांनी चुकतो, आणि कोणत्या गावाच्या पोटात भेग आहे हेच मग सांगता येत नाही. त्या काळी भूकंपमापकांची घड्याळे रेडिओवरच्या वेळसंकेतांशी ताडून पाहावी लागत. आज कोयना-वारणेच्या परिसरातील यंत्रे उपग्रहांतील अणुघड्याळांकडून थेट वेळ घेतात. कऱ्हाडजवळ हजारमाचीला भूकंपाच्या सखोल अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी आहे आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र पाडून खडकांचे अंतरंग तपासले जात आहे. जमिनीखालच्या भेगेचा ठाव अशा रीतीने आकाशातील घड्याळाच्या साहाय्याने लागतो. अशा उपग्रहांच्या बाबतीत आपण परावलंबी राहू नये म्हणून भारताने नाविक ही स्वतःची मालिका उभारली, आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळही पाठविले.

देशाची अधिकृत वेळ आज दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. तेथे सिझियम घड्याळांचा संच आणि हायड्रोजन मेसर अखंड चालतात. परंतु त्यांपैकी कोणत्याही एका घड्याळाचे म्हणणे अंतिम मानले जात नाही. ती परस्परांशी ताडली जातात, आणि मग त्यांची वेळ पॅरिसजवळील आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे कळविली जाते. जगातील अशा ऐंशीच्या आसपास संस्थांतील चारशेहून अधिक घड्याळांच्या नोंदींची तेथे ज्याच्या त्याच्या स्थैर्याप्रमाणे वजन देऊन सरासरी काढली जाते, आणि कोणत्या देशाचे घड्याळ किती अब्जांश सेकंदांनी पुढे वा मागे होते, याचे पत्रक दरमहा प्रसिद्ध होते. म्हणजे जगाची वेळ कोठल्याही एका घड्याळात नाही; ती एका दफ्तरात आहे, आणि ते दफ्तर सर्वांना खुले आहे. अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरीदाबाद व गुवाहाटी येथील केंद्रांतून ही वेळ देशभर पोचविण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे, म्हणजे पेढ्या, विद्युत्केंद्रे व दूरध्वनी या सर्वांनी एकाच मूळ झऱ्याचे पाणी प्यावे.

अणूची वेळ आणि पृथ्वीची वेळ मात्र एक नाहीत, आणि येथे आपल्या पंचांगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चांद्रमास सूर्यापासून दुरावू नयेत म्हणून आपल्या पूर्वजांनी अधिकमास घातला. त्याच न्यायाने अणूचा दिवस पृथ्वीच्या दिवसापासून दुरावू नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक अधिक सेकंद घातला गेला. आजवर असे २७ सेकंद पडले आहेत. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचला पडला. यंत्रांच्या साखळीस हा अधिक सेकंद जाचक होतो, म्हणून २०३५ पर्यंत ही प्रथा बदलण्याचा ठराव २०२२ मध्ये झाला आहे. पुढील शतकांत सूर्य व घड्याळ यांतील अंतर किती वाढू द्यावयाचे, हा प्रश्न जगाला पुन्हा सोडवावा लागेल, आणि तो सोडविताना सांगलीच्या संमेलनात झाला तसाच ऊहापोह जगाच्या संमेलनात व्हावा लागेल.

कृष्णाकाठी आजही क्वचित एखाद्या लग्नात घंगाळात घटिकापात्र सोडले जाते. पुरोहिताच्या मनगटावर घड्याळ असते, यजमानाच्या खिशात भ्रमणध्वनी असतो, आणि त्या भ्रमणध्वनीतील वेळ अणूंच्या कंपनांतून आलेली असते. तरीही तांब्याची ती वाटी पाण्यावर ठेवली जाते, आणि दोन्ही घरची माणसे तिच्याभोवती उभी राहतात. पॅरिसला निघणारे मासिक पत्रक आणि मंडपातील ती वाटी यांच्या सूक्ष्मतेत अब्जावधी पटींचे अंतर आहे, पण वेळेवर कोणी विश्वास का ठेवावा या प्रश्नाला दोघांचे उत्तर एकच आहे: तुमच्यादेखत मोजली आहे, तुम्हीही ताडून पाहा.